रद्द केलेलं रीडिंग

बाई,

काल मी एका मुलीच्या जर्नलमध्ये सात लाल रेघा मारल्या आणि तिच्या सर्टिफिकेटवर सही करायला नकार दिला. आज दुपारी कळलं की सातही रेघा चुकीच्या होत्या. म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. पत्रं लिहिण्याची मला हौस नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही निवृत्त झाल्यावरसुद्धा मी दिवाळीला एक ओळ कधी पाठवली नाही, सरळ गिरगावात येऊन दार वाजवत असे. आता ते दार उरलेलं नाही आणि जे सांगायचं आहे ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर त्याला त्यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळणार नाही.

तुमच्याच प्रयोगशाळेत बसले आहे. खिडक्यांना ॲल्युमिनियमच्या चौकटी आल्या, तुमच्या उंच स्टुलाचा एक पाय बदलला, टेबलांवरचे ॲसिडचे डाग मात्र तेच आहेत. महिनाअखेर मी निवृत्त होते. तुम्ही मला ज्या विभागात शिकवलंत, त्याच विभागाचा चार्ज सोपवायचा आहे, त्याची यादी समोर पडली आहे. त्या यादीत किती ब्युरेट, किती पिपेट, किती कपाटं हे सगळं येतं. जर्नल कसं तपासायचं हे कुठल्याही रकान्यात येत नाही. ते तुम्ही मला दिलंत आणि त्यातलं अर्धंच मी जपलं, हे मला आज, म्हणजे नोकरीच्या अगदी शेवटी, कळावं!

मुलगी एस. वाय.ची. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली. चाळ पाडायला घेतल्यापासून तिच्या घरचे वडाळ्याला भाड्याने राहतात. वर्गात ती तिसऱ्या बाकावर बसते, प्रश्न विचारत नाही, म्हणून मला तिचा चेहरा माहीत होता आणि बाकी काही नाही. त्यांच्या बॅचचं प्रॅक्टिकल माझी तरुण सहकारी घेते. मी फक्त शेवटी जर्नल पाहून सर्टिफिकेटवर सही करते. ती सही नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा सोमवारपासून आणि बसू दिलेल्या मुलांची यादी आज चार वाजेपर्यंत ऑफिसात द्यायची होती. म्हणजे माझ्या एका नकाराने त्या मुलीचं सेमिस्टर जाणार होतं. हे मला काल ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी रेघा मारल्या, कारण सात टायट्रेशनपैकी प्रत्येकात तिची तिन्ही रीडिंग तंतोतंत सारखी होती. थेंबाथेंबाने सोडलेलं द्रावण तीन वेळा इतकं जुळत नाही, पॉइंट वनचा तरी फरक पडतोच. १०.४, १०.४, १०.४. पान उलटलं तर ८.९, ८.९, ८.९. मला तुमचा आवाज ऐकू आला, "तीन सारखी रीडिंग दिसली की मला पोपट बोलताना ऐकू येतो."

तुमच्या तपासण्याबद्दल आज कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. आता आमच्याकडे दहा रकान्यांचा छापील तक्ता आहे. हेतू, आकृती, नीटनेटकेपणा, निष्कर्ष, प्रत्येकाला गुण, खाली बेरीज. तुमच्याकडे एक लाल-निळी पेन्सिल होती, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी, जुन्या कचेऱ्यांत असायची तशी. मुलाने स्वतः पाहिलेलं वाक्य असेल तर त्याखाली निळी रेघ. पुस्तकातून किंवा शेजाऱ्याच्या वहीतून उचललेलं असेल तर लाल. गुण तुम्ही शेवटी द्यायचात आणि तेही ऑफिसला हवेत म्हणून. मुलाला तुम्ही जर्नल उघडून लांब धरून दाखवायचात, "बघ, किती निळं आहे." एखाद्या हुशार मुलाचं अख्खं जर्नल लाल निघायचं आणि ज्याला दोन वाक्यं सरळ लिहिता येत नाहीत अशा कुणाच्या तरी पानावर निळ्या रेघांची दाटी असायची. 'द्रावण आधी ढगाळ झाले, मग मला वाटले चुकले, पण हलवल्यावर परत स्वच्छ झाले.' असं तोडकंमोडकं वाक्य तुम्ही वर्गात वाचून दाखवलेलं मला आठवतं. आमच्यातलं कुणीतरी हसलं. तुम्ही हसणाऱ्याचं जर्नल मागवलंत, त्यातलं त्याच प्रयोगाचं पान काढलंत आणि म्हणालात, "याच्याकडे ढगाळ झालंच नाही. याचं आकाश बारा महिने निरभ्र."

आणि ते तापमान! प्रत्येक प्रयोगाच्या वर 'खोलीचे तापमान' लिहावं लागायचं. भिंतीवरचा थर्मामीटर गणपतीच्या सुट्टीत रंगाऱ्यांच्या शिडीने फुटला आणि तुम्ही मुद्दाम नवा लावला नाहीत. दिवाळीपर्यंत आमच्या अख्ख्या वर्गाच्या जर्नलांत २८ अंश. एकाच्या नाही, सगळ्यांच्या. तुम्ही गठ्ठा टेबलावर ठेवलात, रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलंत आणि अगदी शांतपणे विचारलंत, "कुणी काय वाचलं?" त्या दिवसानंतर मी आयुष्यात कुठल्याही कागदावर न बघता तापमान लिहिलेलं नाही. मला ताप आला तरी मी दोनदा मोजते.

टी. वाय.च्या वर्षी तुम्ही मला रविवारी सकाळी घरी बोलवायला लागलात, एफ. वाय.ची जर्नलं तपासायला मदत म्हणून. मी परळहून बसने यायची. गिरगावातल्या तुमच्या त्या दोन खोल्या, दुसरा मजला, जिन्यात कायम कुणाच्या तरी पापडांचं वाळवण. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जर्नलांचे दोन गठ्ठे, मध्ये स्टोव्हवर वरण उकळतं आहे, तुम्ही एका हाताने डाव फिरवता आहात आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. साडीच्या पदराला ॲसिडने पडलेली बारीक भोकं. मी विचारलं होतं, नवी साडी का नाही नेसत? तुम्ही म्हणालात, "या भोकांचं मला सर्टिफिकेट आहे." एकदा ताकाचा काचेचा पेला माझ्यासमोर ठेवून तुम्ही विचारलंत, "कुठली कड वाचशील?" मी म्हटलं, खालची, नळीत द्रवाची पातळी मध्ये खोलगट असते, तिची नेहमी खालचीच वाचायची. "पलीकडचं दिसतंय का तुला खालची वाचायला? ताक आणि गडद जांभळं परमँगनेट, दोन्हींची वरची कड वाचायची. प्यायला हरकत नाही, वाचून झालं असेल तर." आजही मी मुलांना परमँगनेट शिकवताना ताकाचा पेला सांगते. ते हसतात आणि लक्षात ठेवतात.

तुमचं रागावणंही तिथेच झालं. मी एका मुलाच्या जर्नलवर शेवटी 'छान' असं लिहिलं होतं. तुम्ही डाव खाली ठेवलात.

"छान कोणाला म्हणालीस? अक्षराला की कामाला?"

मी पुन्हा त्या अक्षराकडे बघितलं.

"अक्षर बघायचं असतं तर मी मराठी शिकवलं असतं. पूस ते."

मी पुसलं. पेन्सिलचं लाल खोडरबराने नीट जात नाही, कागदावर गुलाबी ढग राहतो. तो ढग बघून तुम्ही म्हणालात, "राहू दे. त्यालाही कळेल, तपासणारीनेही चूक केली होती आणि कबूल केली होती." हे मी विसरले होते, बाई. काल रात्रभर नाही, आज दुपारी तीन वाजता आठवलं.

तर काल. मुलगी माझ्या केबिनमध्ये आली, जर्नल हातात, रेघा मारलेली पानं बोटांनी धरून ठेवलेली.

"मॅडम, मी कॉपी नाही मारली."

"मग एकवीस रीडिंग सात आकड्यांत कशी बसली?"

"तशीच आली."

"रफ वही दाखव."

रफ वही नव्हती. घर बदलताना खोक्यात गेली आणि खोकं सापडत नाही. मी म्हटलं, गेली दोन वर्षं नायगावच्या प्रत्येक मुलाचं सगळं त्या खोक्यातच असतं. हे मी बोलायला नको होतं. घर सोडून जाणाऱ्या माणसाला खोक्यावरून टोमणा मारायचा नसतो. ती रडली नाही. रडली असती तर कदाचित मी आणखी कडक झाले असते. तिने जर्नल माझ्या टेबलावर ठेवलं आणि सरळ विचारलं,

"तीन वेळा सेम येतं तर मी काय करू, मॅडम? मुद्दाम चुकीचं लिहू का?"

"काय म्हणालीस?"

"मुली सांगत होत्या, एक रीडिंग पॉइंट वनने बदल. मॅडमना तसं आवडतं. सगळे तसंच करतात. मला वाटलं, आलंय तेच लिहावं."

मी तिला बाहेर जायला सांगितलं.

ती गेल्यावर मी गठ्ठ्यातली बाकीची जर्नलं परत काढली, निळ्या रेघा मारून सही करून ठेवलेली. १०.४, १०.५, १०.४. पुढच्या जर्नलात १०.५, १०.४, १०.४. त्याच्या पुढच्यात परत पहिल्यासारखं. इतकी वर्षं मी त्या पॉइंट वनकडे बघून समाधानाने सही करत आले. मुलं काचेकडे न बघता माझ्याकडे बघून रीडिंग घेत होती. माझ्याकडे बघून घेतलेल्या रीडिंगखाली मी निळी रेघ मारत होते.

आपले प्रयोगशाळेतले शिपाईमामा अजून आहेत. तुमच्या वेळी नवे लागलेले, लालबागच्या चाळीतून यायचे, गिरणीतल्या वडिलांची खाकी पँट कापून घातलेले. आता त्यांचे केस पांढरे झालेत, तेही पुढच्या वर्षी निवृत्त होतील. द्रावणं तेच करतात. काल संध्याकाळी ते कुलपं लावायला आले तेव्हा मी जर्नल पुढे करून विचारलं, या मुलीला ओळखता का?

"ओळखतंय ना. खिडकीखालचा टेबल. पोरगी खोटा बोलूची नाय, मॅडम."

"कशावरून?"

"तिच्या ब्युरेटीखाली थेंब सांडलेलो मी कधी बघूक नाय. बाकीच्यांची टेबला पुसून माझो जीव जाता." मग चाव्यांचा जुडगा खिशात टाकत म्हणाले, "मोठ्या बाई अशा वेळी काय करीत, आठवता तुम्हांका? आधी ब्युरेट हातात देत, मगे पेन्सिल हातात घेत."

हे ते सहज बोलले आणि पंख्याचं बटण बंद करून गेले. मी मात्र खुर्चीतच राहिले. कारण खरं होतं ते. पोपटाचं वाक्य बोलल्यावर तुम्ही थांबत नव्हतात. तुम्ही त्या मुलाला म्हणायचात, "चल, मला करून दाखव," आणि स्टूल ओढून शेजारी बसायचात. कितीतरी मुलं तिथे ब्युरेट न भरताच कबूल व्हायची. एखाद्याची रीडिंग खरीच सारखी यायची आणि तुम्ही त्याखाली निळी रेघ मारायचात. तुमच्या नियमाचे दोन भाग होते. बॅचेस वाढल्या, मुलं वाढली, वेळ कमी पडायला लागला आणि मी दुसरा भाग कधी टाकून दिला तेही मला आठवत नाही. पहिला भाग सोपा होता, त्याला फक्त पेन्सिल लागते.

आज सकाळी मुलीला फोन करून बोलावलं. द्रावण मामांना करायला सांगितलं नाही, स्वतः केलं, किती तीव्र ते कुणालाही ठाऊक नाही असं. आकडा पाठ करून येण्याची सोय ठेवली नाही. मामा दारात उभे राहिले, माझी सहकारी तिचा छापील तक्ता घेऊन उभी राहिली. मुलीने ब्युरेट दोनदा विसळली, भरली, तोटीखालचा बुडबुडा काढला. हे बुडबुडा काढणं आजकाल दहातला एक करतो. मग चंबू डाव्या हातात नाही, उजव्या हातात फिरवायला लागली आणि तोटी डाव्या हाताने, मागून, हळूच. शेवटच्या एक मिलीला तिने वेग इतका कमी केला की आम्ही तिघेही श्वास धरून उभे. थेंब टोकाला लटकलेला, पडत नाही, तिने चंबूची कड त्याला लावून तो अर्धाच थेंब आत घेतला आणि पाण्याने धुऊन टाकला. द्रावण गुलाबी झालं, इतकं फिकट की पांढरी फरशी खाली नसती तर दिसलं नसतं. मग ती गुडघ्यांत वाकली, डोळे कडेच्या पातळीला आणले, एक डोळा मिटला.

१२.७.

दुसऱ्यांदा १२.७. तिसऱ्यांदा १२.७. तुमची शिष्या मी, एवढ्याने ऐकणारी नाही. चौथ्या वेळी तिला ब्युरेट शून्यापर्यंत भरू दिली नाही. ३.४ वर थांबवली, म्हणजे कुठल्या रेघेवर पोचायचं हे डोळ्याला आधी कळणार नाही. ती १६.१ वर थांबली. माझ्या सहकारीने वजाबाकी मोबाइलवर केली. मी तोंडी केली होती.

मग मी ब्युरेट मागून घेतली आणि स्वतः केलं. चष्मा वर-खाली करत. १२.६. दुसऱ्यांदा १२.८. मामा दारातून म्हणाले, "मॅडम, तुमच्या जर्नलार सही मिळाची नाय हां." सहकारी हसली आणि लगेच घाबरून तक्त्यात बघायला लागली. मीही हसले असं मला वाटतं. मुलगी हसली नाही. तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. दोन वाजून गेले होते.

"हे हात कुठे शिकलीस?" मी विचारलं.

"आजीला इन्सुलिन देते ना. सकाळी अठरा, संध्याकाळी दहा. सहावीपासून मीच देते. सिरिंज डोळ्यासमोर सरळ नाही धरली तर एक रेघ जास्त जाते. मग आजीला घाम फुटतो, हात कापतात." मग म्हणाली, "तिथे पॉइंट वन बदलून नाही चालत, मॅडम."

आता जे सांगायचं आहे ते सांगते. इतकं सगळं त्यासाठीच लिहिलं.

टी. वाय.च्या जुलैत, एका शुक्रवारी, माझं एकच रीडिंग झालं होतं. दुसऱ्या वेळी कोपर लागून चंबू आडवा झाला, द्रावण संपलं, घंटा झाली. मी वर्गात पहिली होते. मामांकडे जाऊन द्रावण सांडलं म्हणून सांगणं माझ्याने होईना. घरी येऊन मी दुसरं रीडिंग मनाने लिहिलं, ०.१ ने वेगळं. तिसरं पहिल्याइतकंच. एवढ्यावर थांबले असते तर ते प्रत्येक मुलाने केलेलंच होतं. पण मला तुमची पेन्सिल माहीत होती. म्हणून मी दोन आणि तीनच्या मध्ये आणखी एक रीडिंग लिहिलं, ९.८, त्यावर आडवी काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'शेवटचा थेंब जास्त पडला, रंग गडद झाला, रीडिंग रद्द.' कागदावर बोटाने थोडं पाणीसुद्धा लावलं.

तुम्ही त्या ओळीखाली निळी रेघ मारलीत. दोनदा मारलीत. जर्नल वर्गापुढे उघडून धरलंत आणि म्हणालात, "जिला आपली चूक लिहून ठेवायची लाज वाटत नाही, तिच्या बाकीच्या आकड्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन." तास संपल्यावर टेबलाच्या खणातून तुम्ही एक नवी लाल-निळी पेन्सिल काढून मला दिलीत आणि रविवारी घरी ये म्हणालात. एम. एस्सी.ला तुमची शिफारस, इथली नोकरी, तुमचं स्टूल, हे सगळं त्या पेन्सिलनंतर आलं. ज्या रीडिंगमुळे आलं ते मी कधी घेतलंच नव्हतं. घेतलं नव्हतं तर रद्द कसं झालं, हे मला कुणी विचारलं नाही.

काल त्या मुलीचे खरे आकडे खोटे दिसले आणि त्या जुलैत माझी खोटी चूक खरी दिसली. पण हेही पूर्ण खरं आहे का, ते मला आता कळेनासं झालं आहे. कारण एक रविवार आठवतो. पुढच्याच महिन्यातला. तुम्ही एफ. वाय.चं एक जर्नल बघत होतात. त्यात काट मारलेलं रीडिंग होतं आणि शेजारी कारण लिहिलेलं. तुम्ही पेन्सिल वरच्यावर धरलीत, ना लाल टोक टेकवलंत, ना निळं. म्हणालात, "ही चूक फार सुबक आहे." मग जर्नल टेबलावरून माझ्याकडे सरकवलंत. "तू बघ. तुला कळेल."

मी ते कौतुक समजले. माझी नजर तयार झाली म्हणून सांगता आहात असं समजून मी खूश झाले आणि त्या पोराच्या ओळीखाली सपाटून लाल रेघ मारली. तुम्ही वरणाला फोडणी दिलीत. आज दुपारी चंबू धुताना ते 'तुला कळेल' मला दुसऱ्याच आवाजात ऐकू आलं. तुम्हाला माहीत होतं का, बाई? माहीत होतं आणि तरी पेन्सिल दिलीत? की दिल्यावर कळलं आणि परत मागितली नाहीत? तुम्ही मला एकदाही 'चल, करून दाखव' म्हणाला नाहीत. त्याऐवजी हजारो पोरांचं तपासायला बसवलंत. खोटं लिहिणारीला आयुष्यभर खरं शोधायला लावायचं, ही तुमच्या स्वभावाला शोभणारी शिक्षा आहे. अशी शिक्षा फक्त तुम्हालाच सुचली असती आणि मी ती बढती समजून भोगली.

तुमच्या शेवटच्या आजारपणात मी सांगायला म्हणून आले होते. तुमच्या डोळ्यांना दिसत नव्हतं. तुम्ही विचारलंत, "किती उरली जर्नलं?" मी म्हटलं, अठ्ठावीस. "मग इथे काय करतेस? जा." मी गेले. मला जायचंच होतं.

साडेतीन वाजता मी त्या मुलीचं जर्नल उघडलं. खोडरबर घेतला नाही. सातही लाल रेघांवर आडवी काट मारली आणि प्रत्येक काटेशेजारी लिहिलं, 'तपासणारीने करून पाहण्याआधीच रेघ मारली. रेघ रद्द.' खाली तारीख, सही. हे शब्द लिहिताना हात जरा थांबला, कारण 'रद्द' हा शब्द मी जर्नलमध्ये दुसऱ्यांदा लिहीत होते. मुलीने सात पानं उलटून वाचली. म्हणाली, "एवढं कशाला मॅडम, रबराने पुसलं असतंत तर चाललं असतं." मी तिला सांगितलं, लाल पुसलं जात नाही. जुलैतल्या शुक्रवाराबद्दल सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. चार वाजायला आले होते, यादी न्यायची होती, हे कारण मी दिलं असतं तर तुम्ही त्याखाली लाल रेघ मारली असती.

माझं टी. वाय.चं जर्नल माझ्या कपाटात आहे. निळ्या दोन रेघांचं पान अजून ताजं दिसतं. त्यावर काट मारायचा अधिकार मला आहे का, ते ठरवता येत नाही, कारण त्या रेघा तुमच्या आहेत. हे पत्र त्याच पानात राहील. चार्जच्या यादीत दोन्ही लिहिलेली नाहीत.

विभागाच्या रजिस्टरमध्ये आज एवढं लिहिलं आहे: एस. वाय., जर्नल एक, प्रयोग सात, लाल रेघा सात, सातही रद्द. सर्टिफिकेटवर सही करून तीन वाजून पन्नास मिनिटांनी विद्यार्थिनीच्या हाती दिले. मिळाले म्हणून तिची सही. खोलीचे तापमान ३१ अंश, बघून लिहिले.